रिठ्याचं सांबार

मार्गळी महिन्यातली, म्हणजे डिसेंबरअखेरची गार सकाळ होती. चेन्नईत गार म्हणजे पंखा दोनवर. फोन वाजला, पलीकडे वरदराजन. ‘‘सार, अम्मा गेल्या...’’ त्यानं नाक शिंकरलं. मग, ‘‘झोपेतच गेल्या. आणि सार, झाडाला फुलं आलीत, माश्या आल्यात... आता बघणार कोण?’’ ज्या गृहस्थानं एकेकाळी तेच झाड तोडायचा विडा उचलला होता, त्याला अशा वेळी झाडाची काळजी पडावी! मी आधी हसलो. रडू नंतर आलं.

अम्मा म्हणजे आमची सुंदराक्का. तंजावरची मराठी. तिरुवल्लिकेणीतल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर एकटी राहायची. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. लग्नाचं कुणी विचारलं तर मागच्या आवारातल्या रिठ्याच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणायची, ‘‘तो काय उभा आहे.’’ माझी रेल्वेतली बदली होऊन मी साताऱ्याहून इथे आलो, तेव्हा किराणा दुकानात हातवारे करून रवा मागत होतो. दुकानदारानं तीन वेळा मीठ काढून दिलं. मागून आवाज आला, ‘‘कां रे, मराठी कीं तूं? असा नाचतोस कशाला? घरी चल, काफी घे.’’ ती मराठी ऐकून मला वाटलं, एखाद्या बखरीतून कुणीतरी पिशवी घेऊन भाजीला निघालंय. त्या दिवसापासून मी तिचा ‘सातारकर’ झालो आणि ती माझी अक्का.

रिठ्याला तमिळमध्ये पूंदिकोट्टै म्हणतात. माझ्या लेखी रिठा म्हणजे आईनं डोक्यावर चोळायची आणि माझ्या डोळ्यांत घालायची वस्तू. अक्काच्या लेखी ते विश्वरूप होतं. फुलांच्या दिवसांत ती सकाळी झाडाखाली बसून कोण कोण येतं ते बघायची. मधमाशी कधी, मुंगी कधी, हिरवी माशी कुणाच्या नंतर. तिच्याशी बोलायला गेलं की ती बोट ओठांवर ठेवायची, जणू आत बाळंतीण आहे. रिठ्यानं रेशीम धुतात, सोनार दागिना उजळतो, तळ्यात कुटून टाकला तर मासे गुंगून वर येतात, हे सगळं तिनंच मला सांगितलं. पण तिला खरं छळणारं कोडं वेगळंच होतं. हे फळ इतकं कडू, की कुणी खात नाही. मग झाडाचं बी लांब नेतं कोण? मी एकदा पांडित्य दाखवलं, ‘‘वटवाघूळ असेल, अक्का.’’ ती म्हणाली, ‘‘वटवाघळाला तुझ्यापेक्षा चव कळते रे.’’ हे वाक्य किती खरं ठरणार होतं, ते तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

मग आवारात गाड्या वाढल्या. रिठे टायरखाली चिरडायचे, सगळीकडे चिकट व्हायचं, फुलांवरच्या माश्यांना लोक घाबरायचे. सोसायटीचा सेक्रेटरी वरदराजन, भरघोस मिशी आणि लाऊडस्पीकरचा आवाज. त्यानं जाहीर केलं, झाड तोडायचं, रविवारी कमिटी जागा बघायला येईल. अक्का त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मला म्हातारी दिसली. म्हणाली, ‘‘नवीन लावेन रे. पण ते फुलेपर्यंत मी कुठे थांबू?... माझं अर्धंच बघून झालंय, सातारकर.’’ मग ती उठली आणि पदर खोचला. ‘‘जेवायला बोलावते त्यांना. सांबार आमचं. तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलेलं. ते खाऊन कोण झाड तोडतो बघू.’’

रविवारी केळीची पानं मांडली. वरदराजन, कमिटीचे दोघे आणि पाहुण्यांत पाहुणा मी. देवाला नैवेद्य होईपर्यंत पदार्थ चाखायचा नाही, हा अक्काच्या घरचा कडक नियम. म्हणजे ते सांबार तोवर फक्त देवानं खाल्लं होतं, आणि तो सोशिक. पहिला घास मी घेतला. काय वर्णावं! कडू, तुरट, आणि जिभेवर काहीतरी बुडबुडतंय. पण ‘तुम्हा देशावरच्यांची जीभ गुळानं मेलीय’ हे मी अक्काकडून वर्षानुवर्षं ऐकलेलं. मला वाटलं, हीच ती अस्सल राजघराण्यातली चव! मी डोळे मिटून म्हणालो, ‘‘वा!’’ आणि घास गिळला. माझी दाद बघून वरदराजननं मोठा घास भरला.

...आणि त्याच्या मिशीला फेस आला.

‘‘अय्यय्यो!’’ कमिटी मोरीकडे धावली. अक्का स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरचं उरलेलं स्टीलचं भांडं हुंगलं आणि दारात येऊन उभी राहिली. चिंचेचा कोळ भांड्यात तसाच होता. शेजारच्या भांड्यातलं, केसांसाठी भिजवलेल्या रिठ्यांचं पाणी सांबारात गेलं होतं. रंग तोच, भांडीही तीच, आणि अक्का फोडणी देताना खिडकीतून माश्या बघत होती. वरणाला फेस येतोच, म्हणून संशयही आला नाही.

दुसरी कुणी असती तर पदरात तोंड लपवलं असतं. अक्काचा चेहरा मात्र उजळला. ‘‘कळलं?’’ ती टाळी वाजवून म्हणाली. ‘‘कावळ्याचंही असंच होतं! म्हणून फळ आईच्या पायाशीच पडून राहतं. बी इतकं कठीण, पाणीसुद्धा आत शिरत नाही. हे झाड इथे आपोआप आलेलं नाही, वरदराजन. केस धुवायला म्हणून कुण्या आजीनं लावलं असेल. माणूस सोडून त्याला कोण आहे?’’

वरदराजन चूळ भरत होता. तो थांबला, आरशात मिशी बघितली आणि त्याच्या पोटातून जे हसू सुटलं, ते ऐकून वरच्या मजल्यावरचे लोक बघायला आले. ‘‘राहू दे झाड, अम्मा. पण जेवण हॉटेलातून मागवू.’’ गाड्या पुढच्या बाजूला गेल्या. अक्काला आणखी कितीतरी बहर बघायला मिळाले. रिठे गळले की ती वरदराजनला शेजारी बसवून बिया घासायला लावायची आणि चुकलं की ओरडायची.

परवा तिकडे गेलो. रिठे पिकून गळायला लागलेत. झाडाखाली वरदराजन आणि नव्यानं राहायला आलेला पुण्याचा एक आयटीवाला तरुण. तो मला म्हणाला, ‘‘काका, मी यांना एवढंच विचारलं, हे झाड कापणार कधी? तर यांनी माझ्या हातात हे दिलं.’’ त्याच्या तळहातावर रिठ्याचं काळं गुळगुळीत बी आणि पॉलिशपेपरचा तुकडा. मी म्हटलं, ‘‘घासा. कवच झिजलं की पाणी आत जातं, मग रुजतं.’’ तो घासू लागला, चपलेची टाच घासावी तसा खसाखसा. तोच वरदराजन, ज्याला मराठीचं अक्षर येत नाही, अक्काच्या हेलात, अक्काच्याच शब्दांत त्याच्यावर ओरडला,

‘‘हळू रे! आंत लेंकरूं आहे!’’