सरकत्या दारामागची तूर

राजापेठेतल्या आमच्या गल्लीत माझ्या नवऱ्याच्या गाडीला 'फिरता संडास' म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मी जन्मभर शाळेत शिकवलंय, मागच्या बाकावरची कुजबुज मला बरोबर ऐकू येते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गॅलरीतूनच ओरडले होते, "ज्याले जायचं असन त्यानं रांगेत उभं राहा!" त्यानंतर आवाज जरा कमी झाला.

गाडी म्हणजे एक जुनी मिनीबस. आधी ती शाळेच्या मुलांना न्यायची-आणायची. पांढरा रंग दिला तरी दाराच्या कडेला जुना पिवळा अजून दिसतो. आमचे हे मेकॅनिक, सगळं आयुष्य गाड्यांखाली आडवे होऊन काढलेलं. काम सोडल्यावर माणसं देवाला जातात, यांनी ही बस आणली आणि दीड वर्ष तिच्यात राबले. मागच्या सीटा काढून पलंग केला, दोन बर्नरचा ओटा केला, टपावर पाण्याची टाकी बसवली, खिडक्यांना माझ्या जुन्या साड्यांचे पडदे लावले. आणि मागच्या कोपऱ्यात, कपाटाएवढ्या जागेत, सरकतं दार लावून संडास केला.

"जिथं पोळ्या लाटायच्या, तिथून चार हातांवर हे? डोकं फिरलं काय तुमचं?" मी म्हणाले.

"गाडीत घर करायचं म्हटलं का हे आलंच," हे म्हणाले. "तुले नसन पायजे तर नको जाऊ."

नाहीच गेले. दोन वर्षं आम्ही दोघंही गेलो नाही. पेट्रोल पंप, धाबा, ओळखीच्या कुणाचं घर, कुठंही थांबायचो, पण तिथं नाही. कारण गेलं की धुवायचं कोणी, हा प्रश्न. मग त्या कोपऱ्यात कांद्याची थैली राहायला लागली, झाडू राहायला लागला, जॅक राहायला लागला.

जुन्या गाडीचं रोज काही ना काही निघतंच. टपाची एक शिवण बुजवली की पाणी दुसऱ्या खिडकीतून येतं. डिझेलच्या नळीत हवा धरली की हे खाली हातपंप मारतात, मी चावी फिरवते, आणि गाडी सुरू नाही झाली तर चूक माझ्या चावी फिरवण्याची. रेडिएटरची एक बारीक गळती तर आमच्याकडे कायमची मुक्कामाला आहे. तिच्यासाठी ओट्यावर हळदीचे दोन डबे असतात, एक भाजीचा, एक रेडिएटरचा. पाण्यात मूठभर हळद टाकली की ती जाऊन भोकात बसते आणि पुढचं गाव येईपर्यंत निभावतं. एकदा चुकून मी यांच्या डब्यातली हळद वरणात टाकली होती. दोघंही जिवंत आहोत.

फेब्रुवारीत अंजनगाव सुर्जीहून नणंदेचा फोन आला. यांची मोठी बहीण, सत्तरीच्या पुढची. मी त्यांना ताई म्हणते. घरी शेती, मुलगा, सून, सगळं आहे. फोनवर ताईंचा आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो. त्या दिवशी मात्र हळू बोलत होत्या.

"वयनी, जवळ कोणी हाय?"

"नाही. हे गाडीखाली आहेत."

"मंग सांग. तुमच्या त्या गाडीत ते हाय म्हणतात. खरं हाय का?"

"काय ते?"

"ते वं. आतल्या आत जायचं."

"संडास? आहे की! चांगला दार लावून."

मग त्यांनी सांगितलं. सात-आठ वर्षांपासून लघवी थांबत नव्हती. आली की आलीच, आणि अर्ध्या तासात पुन्हा. डॉक्टरला दाखवलं नाही, कारण डॉक्टर पुरुष. सुनेला सांगितलं नाही, कारण सून माहेरी सांगेल. लग्नं, बारशी, मयती, सगळीकडं जाणं बंद केलं. लोक म्हणायचे, म्हातारीला तोरा चढला.

पण जीव अडकला होता तो लेकीत. लेकीनं आपल्या मनानं, दुसऱ्या जातीत लग्न केलं होतं. ताई रागावल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण राग वर्षभरात गेला. लेकीनं अकोल्यात घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला ताई एकट्या बसनं गेल्या. अर्धा तास बसल्या. लेकीनं पाणी आणलं, घेतलं नाही. चहा आणला, घेतला नाही. परतीच्या बसच्या धाकानं घशाखाली घोट उतरवायची हिंमत नव्हती. लेकीनं त्याचा आपला अर्थ लावला. "माझ्या घरचं पाणी तुला चालत नाही, तर मीही तुझ्या दारात येणार नाही," ती म्हणाली. सहा वर्षं झाली, ती आली नव्हती. नातू पाच वर्षांचा झाला होता, आणि ताईंनी तो फोटोत पाहिला होता.

"अहो, मग तिले खरं काहून नाही सांगितलं?" मी चिडलेच.

"कसं सांगू वं? अर्ध्या वेळा फोन जवाई उचलते. आन् तोंडातून निघत नाई ना." मग म्हणाल्या, "एक डाव मले तिच्या घरचं पाणी पिऊन येऊ दे. कोणाले सांगू नको. भावालेबी नको."

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. रागही आला, कोणाचा ते कळेना. त्याच दुपारी मी कांदे, झाडू, जॅक सगळं बाहेर काढलं, तो कोपरा घासूनघासून लख्ख केला, बादली, मग आणि नवा टॉवेल ठेवला. यांना म्हटलं, माझे गुडघे दुखतात, आत धरायला एक दांडा लावून द्या. यांनी काही न विचारता लावून दिला.

चार दिवसांनी आम्ही अंजनगावला पोचलो तर दारात ही गर्दी. म्हातारी लेकीकडं चालली, ही बातमी गल्लीभर झाली होती. आमच्या वऱ्हाडात लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कोणी जात नाही. शेतातलं नवं पीक निघालं की त्यातलं आधी आपल्या माणसांना द्यायचं, त्याला वानवळा म्हणतात, आणि सहा वर्षांचा वानवळा तुंबला होता. नव्या तुरीची डाळ, गहू, केळीचा घड, कोहळं, लोणच्याच्या बरण्या. शेजारणींनी आपापलं आणलं ते वेगळंच. हे बॉनेट उघडून आत डोकं घालून उभे होते.

"मामी, पोते कोठी ठेवू?" ताईंच्या मुलानं विचारलं.

मी पलंगावर नवीन चादर घातली होती, जयपुरी, पहिल्यांदाच. "कोठीही ठेव, पण माह्या पलंगाले हात लावला तर पाहाच!" असं दरडावलं आणि ओटी भरून घ्यायला आत गेले. शाळेत होते तेव्हाही असंच. एकदा ओरडलं की काम झालं असं समजायचं.

निघालो. अकोटच्या पुढं रेडिएटर तापला. एवढं वजन कुठून आलं, म्हणून यांनी माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीबाहेर. उतरून यांनी हळद टाकली, वरून पाणी ओतलं. पाण्याची धार ताई टक लावून बघत होत्या. मी तांब्या पुढं केला, त्यांनी मान हलवली.

"तुमच्या गाडीचं बरं हाय बापा," त्या म्हणाल्या. "टपटप गयते तरी कोणी हासत नाई."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

तिथून पुढं खारपाणपट्टा. डोळे पोचतील तिथवर काळी सपाट जमीन, तुरी कापून नेलेल्या, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटलेल्या. महिनाभरापूर्वी पुरुषभर उंच तूर उभी होती, तिच्याआड बाई सहज बसली असती. आता आडोसा म्हणाल तर मैलाचा दगड. ताईंनी पुढच्या सीटचा गज दोन्ही हातांनी धरला होता. ओठ आवळले होते, कपाळावर घाम.

"ताई, जायचं का? जा ना, रिकामं आहे ते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "नाई," त्या म्हणाल्या. "रिकामं नाई."

मी उठून दार सरकवलं. आत खालपासून छतापर्यंत पोती. डाळ, गहू, वर कोहळं, कोहळ्यावर केळीचा घड, आणि माझा नवा टॉवेल कुठंतरी खाली दबलेला.

"अहो, थांबवा! गाडी थांबवा!"

ओढायला लागले. पहिलं पोतं निघेना. कोहळं गडगडत ओट्याखाली गेलं. हे धावत आले, एक पोतं दोघांनी उचलून दाराबाहेर टाकलं, मग दुसरं. तिसऱ्याला हात घातला तेव्हा मागून ताईंचा आवाज आला. "राहू दे वयनी. झालं."

पातळ भिजलं होतं, सीट भिजली होती, ताई भावाकडं पाठ करून उभ्या होत्या. पदर तोंडावर घेतला होता. यांनी हातातलं पोतं खाली ठेवलं, रस्ता ओलांडून गेले आणि मैलाच्या दगडावर, गाडीकडं पाठ करून बसले.

"तुम्ही पाहिलं होतं ठेवताना?" मी विचारलं.

"पाह्यलं ना. पायरीवर बसली होती मी."

"मग बोलला का नाहीत?"

"चार माणसांत काय म्हणू? ते मोकयं ठेवा, मले लागते म्हणू?" आणि मग ताई लहान पोरीसारख्या रडल्या. "गाडी फिरव वयनी. मले घरी ने. लेकीच्या दारात मी अशी नाई जात."

माझ्या जयपुरी चादरीची मला इतकी लाज वाटली की ती खेचून फेकावीशी वाटली. एवढं सगळं माहीत होतं मला. मला एकटीला माहीत होतं, आणि मीच चादर सांभाळत बसले. मी त्यांना तसं बोलूनही दाखवलं. "चुकलं माझं, ताई. शेण खाल्लं मी. पण गाडी फिरणार नाही."

"वास येते मले."

"येऊ द्या. हे घर आहे. घरात असं होतं, आणि घरातच धुतात. बसा."

पडदे ओढले. बर्नरवर मोठं पातेलं चढवलं. संडासातली उरलेली पोती ओढून पलंगावर टाकली, त्याच चादरीवर, आणि त्या घासलेल्या कोपऱ्यात ताईंना बसवून ऊन पाण्यानं अंघोळ घातली. यांनी लावलेला दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. पाठ चोळताना कळलं, केवढी वाळली होती ती पाठ. पाणी पीत नव्हत्या ना, सात-आठ वर्षं. माझं दुसरं पातळ नेसवलं, सीट फिनाइलनं पुसली, त्यांचं भिजलेलं पातळ धुऊन आत दोरीवर टाकलं.

मग यांना हाक मारली. यांनी बाहेरची दोन पोती उचलून आत घेतली, एकही संडासाकडं नेलं नाही. गाडी सुरू करताना माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "दांडा मी कोणासाठी लावला वाटते तुले? तुहे गुडघे तर माह्याहून चांगले हायत."

अकोल्याच्या त्या दारात भाची उभी होती. मामा-मामींना वाकून नमस्कार केला, आईलाही केला, पण तोंडातून शब्द नाही. आम्हाला बसवलं आणि आतून ताट घेऊन आली. ताटात पाण्याचे दोनच पेले होते. एक मामाला, एक मला.

मी काही बोलणार तेवढ्यात ताईंनी माझ्या हातातला पेला घेतला. एका दमात रिकामा केला. मग भावाच्या हातातला घेतला, तोही प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं.

"आनखी आन," त्या म्हणाल्या. "आन् तुह्या घरी संडास कोठी हाय, ते दाखवून ठेव. मले थांबत नाई. तवाबी थांबत नव्हतं."

भाची ताट धरून तशीच उभी. "तेव्हा म्हणजे... वास्तुशांतीला?"

"हो. वापसीची बस होती ना मांगं."

ताट खाली पडलं. ती आईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागली. "एवढंच होतं? आई, एवढंच होतं?" ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, "बाई, रड नंतर, आधी दाखव." तेव्हा भाची रडता रडता हसली. नातू दारामागून हे सगळं बघत होता.

आम्ही तीन दिवस राहिलो. भाचीनं आईला बाई डॉक्टरकडं नेलं. औषधानं बराच फरक पडेल, असं डॉक्टर म्हणाली. सात-आठ वर्षं कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

निघायच्या दिवशी उलटा वानवळा. जावई, त्याची आई, शेजारचे, सगळे पिशव्या घेऊन गाडीत चढायला लागले. मी तोंड उघडायच्या आत भाची आत शिरली आणि सरकत्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"इथं काही ठेवायचं नाही!" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हा माझ्या आईचा संडास आहे. पिशव्या पलंगावर टाका."

मी ताईंकडं पाहिलं. चार माणसं कसली, चांगली दहा-बारा होती. ताई गाडीच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी लेकीला तांब्या मागितला, तिथंच उभ्यानं, सगळ्यांसमोर, भरलेला तांब्या शेवटपर्यंत प्यायल्या आणि मग गाडीत चढल्या.