शिल्लक रजा

वामनराव भोयरांना कुठलंही अंतर विचारलं, तर "जवळच आहे" किंवा "लांब पडेल" असं ते कधीच सांगत नसत. ते पावलांत सांगत. आमच्या भूमी अभिलेख कार्यालयात मी आवक-जावक लिपिक म्हणून रुजू झाले, त्या दिवशी चहाची टपरी कुठे आहे म्हणून विचारलं. हा उंच, उन्हानं रापलेला माणूस नकाशावरची मान वर न करता म्हणाला, "फाटकापासून एकशे चाळीस पावलं. माही. तुमची दोनशे होतीन." मला राग आला. दुपारी मी मुद्दाम मोजत गेले. एकशे अठ्ठ्याण्णव भरली. त्यांचं दोन पावलांनी चुकलं, यावर मी त्या दिवशी समाधान मानून घेतलं.

ते भूकरमापक होते. शेतं मोजायची आणि हद्दीच्या खुणा दाखवायच्या, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण मोजणी मागतात ते भांडण झाल्यावरच. डावीकडून एक भाऊ शिव्या देतो, उजवीकडून दुसरा, आणि मोजणाऱ्यानं मधून सरळ रेषेत चालत राहायचं. वामनभाऊ दोघांना एवढंच सांगत, "आधी हद्द कायम होऊ द्या गा, मंग मारा एकमेकाले." हद्द कायम हा आमच्या खात्यातला शब्द, वाद मिटवून हद्द पक्की करायची मोजणी. वामनभाऊंनी तो घरी नेला होता. बाजारात निघाले तरी भाजी किती रुपयांची ते आधी ठरवत, आणि त्यापुढे कोथिंबिरीची एक जुडी घेत नसत. त्यांचा दुसरा लाडका शब्द निरंक. सरकारी तक्त्यात ज्या रकान्यात सांगण्यासारखं काही नसतं, तिथे निरंक लिहितात. तब्येत कशी आहे विचारलं, की उत्तर यायचं, "गुडघा दुखून राहिला, बाकी निरंक."

आणि ते रजा घेत नसत. किरकोळ रजा नाही, अर्जित रजा नाही, काही नाही. "तारीख देल्ली हाय बाई. मी नाई गेलो तं थे दोघं भाऊ पुन्हा कुऱ्हाडी काढतीन." शकूवहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, आई उमरेडला अंथरुणाला खिळली होती, तेव्हा वहिनी एकट्या बसनं गेल्या. आई गेली त्या दिवशी वामनभाऊ पोचले आणि तिसऱ्या दिवशी काटोलकडच्या कुठल्याशा बांधावर हजर होते. पचमढीला जायचं तीनदा ठरलं. तीनदा वहिनींनी बॅग भरली आणि तीनदा कपडे परत कपाटात लावले. लोक म्हणत, काय निष्ठा आहे माणसाची. मी हे त्यांचं मोठेपण मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते, आणि तसं तोंडावर सांगितलंही होतं. ते हसले आणि मोजणीची साखळी खांद्यावर टाकून निघाले.

एकदा त्यांच्याकडे शहरातल्या गोल्फ क्लबच्या हद्दीची मोजणी आली. तीन दिवस ते तिथे होते. चौथ्या दिवशी ऑफिसात आले ते काहीतरी हरवल्यासारखे. डबा उघडला तरी जेवेनात. मी विचारलं, तर म्हणाले, "बाई, पस्तीस वर्षांत असं शिवार नाई पाह्यलं. एवढी जमीन, अन् कोणी कोणाशी भांडून नाई राहिलं. एक म्हातारा बॉल मारे, अन् त्याच्या मागं हळूहळू जाये. त्याले कोणी तारीख देल्ली नव्हती." मग थोड्या वेळानं, भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तो माणूस रजेवर होता, बाई." मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं.

ते निवृत्त झाले. साठलेली अर्जित रजा सरकार निवृत्तीच्या वेळी विकत घेतं, जास्तीत जास्त तीनशे दिवसांची. वामनभाऊंची तीनशे भरून वर किती वाया गेली असेल, देव जाणे. त्या तीनशे दिवसांचे पाच लाख ऐंशी हजार आले. ते त्यांनी बँकेत वेगळे ठेवले. मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटसाठी दिले ते दुसरे पैसे, घराला वरचा मजला चढवला ते दुसरे. या रकमेला कोणी हात लावायचा नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, आणि का, ते कोणालाच माहीत नव्हतं.

प्रताप नगरात त्यांचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, त्यांच्या भाषेत तीनशे दहा पावलं. दोन वर्षांनी, थंडीच्या एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. ओट्यावर इंग्रजी फॉर्म पडला होता. शकूवहिनी बाजूला तुरीच्या शेंगा सोलत होत्या. गोल्फ क्लबचा सभासद व्हायचं होतं आणि फॉर्म मी भरून द्यायचा होता.

मी चष्मा लावला, फी वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "वामनभाऊ, चालायचंच आहे ना? चौकातल्या बगिच्यात फुकट चालता येतं."

"बगिच्यात चालणं म्हन्जे डॉक्टरचा हुकूम. मले हुकूम नाई पायजे," ते म्हणाले. "सरकारले मी तीनशे दिवस विकले, बाई. थे मले वापस घ्याचे हायेत. रजेचे पैसे रजेवरच खर्च होतीन. जेवढे आले तेवढे. हे हद्द."

क्लबच्या ऑफिसात ते आधीच जाऊन आले होते. तिथल्या बाबूला त्यांनी जन्माचा सरावाचा प्रश्न विचारला होता: सभासद मेल्यावर वारस नोंद होते का? बाबूनं सांगितलं, नाही, सभासदाबरोबर सगळं संपतं. फार तर नवरा-बायकोतलं मागे राहिलेलं माणूस ते वर्ष पूर्ण करू शकतं. दुसरा कोणी हे ऐकून मागे फिरला असता. वामनभाऊ खूश झाले. "पह्यली अशी वस्तू घेऊन राहिलो, जिच्यावर माह्या मागं कोणी मोजणी नाई मागणार."

तहहयात सभासदत्व आठ लाखांच्या वर होतं. ते हद्दीबाहेर. मुलाचा त्याच वेळी पुण्याहून फोन आला, तो म्हणाला वरचे पैसे मी टाकतो, बाबा. वामनभाऊ म्हणाले, "मंग थे तुही रजा होईन, माही नाई," आणि फोन ठेवला. त्याखाली दहा वर्षांचं सभासदत्व होतं, साडेपाच लाखांचं. ते बसत होतं. त्यांनी माझ्या हातात पेन दिलं.

"माहा वाटा किती?" शकूवहिनी म्हणाल्या.

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. त्या शेंगाच सोलत होत्या.

"कायचा?" वामनभाऊंनी विचारलं.

"रजेचा. तुमी नाई घेतली थे रजा तुमची एकट्याचीच होती का? उमरेडले मी एकली गेली. पचमढीची बॅग मीच भरली अन् मीच खाली केली. तीनशे दिवस तुमी विकले, त्यातले माहे किती होते? तुमी जलमभर लोकायच्या वाटण्या केल्या. हे करा."

इतकी वर्षं दोन भावांच्या मधून सरळ चाललेला माणूस, आज पहिल्यांदा स्वतः बांधाच्या एका बाजूला उभा होता. वामनभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "अर्धा. दीडशे तुहे, दीडशे माहे." आणि मला म्हणाले, "बाई, हद्द बदलली. दोन लाख नव्वद हजार. आता कायम."

मला वाटलं, गोल्फ संपला. पण फॉर्मच्या मागच्या पानावर अगदी शेवटची एक ओळ होती: पाच वर्षं, सोमवार ते शुक्रवार, फक्त सकाळी. दोन लाख पंच्याहत्तर हजार. मी ती वाचून दाखवली. उरलेल्या पंधरा हजारांत जुन्या चार स्टिका आणि एक पिशवी आली. गोल्फच्या बुटांना पैसे उरले नाहीत, म्हणून ते मोजणीचे कॅनव्हासचे बूट घालून गेले. मुलगा पाठवतो म्हणाला, मी देते म्हणाले. "हद्दीच्या बाहेर हाय," एवढंच उत्तर. फॉर्ममध्ये जोडीदाराचा रकाना होता, त्याला वेगळी फी नव्हती. वहिनी म्हणाल्या, "फुकट हाय तं मीबी येईन. पण आधी पचमढी." पेन्शनमधून दोघं पचमढीला जाऊन आले. बॅग चौथ्यांदा भरली गेली ती स्टेशनापर्यंत पोचली. आपला अर्धा वाटा वहिनींनी स्वतःच्या नावावर करून घेतला. त्याचं काय करणार, हे विचारलं तर म्हणत, "माहं मी पाहीन."

वामनभाऊ गोल्फ फार वाईट खेळत. चेंडू नालीत जाई, झुडपात जाई, कधी जागचा हलतच नसे. पण नजर पस्तीस वर्षांची होती. झेंडा किती लांब आहे हे ते उभ्या जागी सांगत, आणि लोकांच्या हातातल्या महागड्या दुर्बिणीही तोच आकडा दाखवत. महिन्याभरात मोठमोठे डॉक्टर, वकील स्टिक उचलण्याआधी विचारू लागले, "भोयर साहेब, किती?" ते अंतर सांगत, मग स्वतः मारत आणि चेंडू भलतीकडे जाई. "अंतर बराबर होतं," ते म्हणत. "बॉल चुकला." असं खदखदून हसताना मी त्यांना ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं.

हिशेब वहिनी ठेवत. स्वयंपाकघरात दुधाचे खाडे मांडायचं कॅलेंडर होतं. त्यावर दुधाच्या खुणा निळ्या आणि रजेचे ठिपके लाल. क्लबवर गेलेला एक दिवस म्हणजे वामनभाऊंच्या दीडशेतला एक दिवस भोगला. पाऊस आला किंवा मे महिन्याचं ऊन पेटलं, की ठिपका नाही. "नाई गेले तं रजा कायची," वहिनी म्हणत. या बाबतीत त्या आमच्या आस्थापना शाखेपेक्षा कडक होत्या.

ऑगस्टमध्ये एका दुपारी, क्लबवरून येऊन, आंघोळ करून, वरण-भात जेवून वामनभाऊ दिवाणावर आडवे झाले आणि उठले नाहीत. मी पोचले तेव्हा कॅनव्हासचे बूट ओट्यावर वाळत होते, टाचेला ओलं गवत चिकटलेलं. त्या दिवशी मी खूप रडले. ज्या माणसाशी मी अर्धं आयुष्य रजेवरून भांडले, त्याला ती मिळू लागली आणि वर्षही पुरलं नाही, याचा मला संताप आला होता, आणि तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

तेरवीनंतर मुलगा म्हणाला, "आई, क्लबचं आता काय राहिलं? चल पुण्याला." वहिनींनी भिंतीवरची कॅलेंडरची पानं मागे उलटली, बोट ठेवून लाल ठिपके मोजले आणि म्हणाल्या, "एकशे बारा झाले. अडतीस शिल्लक हायेत. थे झाल्याबिगर मी येत नाई." ते वर्ष त्यांना पूर्ण करता येतं, हे त्यांना पाठ होतं. मुलानं समजावलं, नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. सोमवारी सकाळी पांढऱ्या लुगड्यातल्या शकूवहिनी एक स्टिक काठीसारखी धरून क्लबच्या फाटकातून आत गेल्या.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला बरोबर बोलावलं. तो बुधवार होता. माझ्या खात्यावरही ढीगभर रजा साठली होती. मी साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला आणि मंजुरीची वाट न पाहता निघून आले. गवतावर दव होतं. एका झेंड्यासमोर थांबून वहिनींनी विचारलं, "किती असंन वं मंदा?" मला सांगता येईना. त्यांनी डोळे बारीक केले. "त्यायची नव्वद," म्हणाल्या, आणि मोजत चालू लागल्या. एकशे अठ्ठावीस भरली. "माहं पाऊल लहान हाय," त्या म्हणाल्या, "पण पोचलो न वं."

घरी आल्यावर त्यांनी शेवटचा लाल ठिपका दिला आणि पेन माझ्याकडे केलं. "तुमच्या ऑफिसात काई शिल्लक नाई राह्यलं तं काय लिहितेत? थे म्हणत तेच. लिही."

हा शब्द मी नोकरीत किती वेळा लिहिला याला गणती नाही. त्या ठिपक्यापुढे मी सावकाश लिहिलं, रजा शिल्लक: निरंक.

वहिनींनी ते नीट पाहून घेतलं. मग फळीवरच्या डब्याखालून एक कागद काढला. क्लबचा फॉर्म होता, कोरा. फी दहा हजारांनी वाढली होती, दोन लाख पंच्याऐंशी.

"बसते हद्दीत," त्या म्हणाल्या. "पाच हजार उरतेत, त्याचे बूट घेतो मी. त्यायनं नाई घेतले." फॉर्म त्यांनी माझ्यासमोर सरकवला आणि पहिल्या रकान्यावर, अर्जदाराच्या नावावर, बोट ठेवलं. "आता माहं नाव लिही. उद्यापासून माहे दीडशे."