मूर्खातला मू

वर्तमानपत्राच्या कचेरीत तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले काका बातमी अशी कधी वाचतच नसत. ते चुका वाचत. फोनवर बातमीखाली लोकांच्या कमेंट्स दिसायला लागल्या तेव्हा त्यांना चरायला आयतं कुरणच मिळालं.

एका सकाळी नव्या पुलाच्या बातमीखाली सरकारच्या एका चाहत्याने विरोधकांना 'मुर्ख' म्हटलं. काकांनी लगेच लिहिलं, "मूर्खातला मू दीर्घ." झालं. विरोधकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, आणि चाहत्यांनी 'विकला गेलेला म्हातारा' ठरवून टाकलं. दुपारी एका विरोधकाने चाहत्यांना 'मुर्ख' म्हटलं. काकांनी पुन्हा तेच लिहिलं, तशी डोक्यावर घेणाऱ्यांनी त्यांना दाणकन खाली आपटलं. पूल राहिला बाजूला.

"अहो, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?" काकूंनी भाजी चिरता चिरता विचारलं.

"दीर्घ मूच्या."

"मग जेवायलाही त्यालाच वाढायला सांगा."

संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं होतं. शंभरेक जणांनी काकांना एकच शब्द लिहून पाठवला होता. काकांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवून एकेक कमेंट तपासली. मग लग्नातला फोटो दाखवावा तसा फोन काकूंपुढे धरला.

"बघ, सगळे मला मूर्ख म्हणतायत," ते म्हणाले. "आणि एकाचाही मू चुकलेला नाही."