आमच्या खाचरातून गेलेली आगगाडी

महाडात तेव्हा आगगाडी नव्हती, आणि ती कधी येईल असं कुणा शहाण्या माणसाला वाटतही नव्हतं. पण एका श्रावणात ती आमच्या ओटीवर आली आणि माझी मोहरी, माझा आरसा आणि माझ्या डोक्याची शांतता घेऊन गेली.

पाठवली होती माझ्या थोरल्या दिरांनी. ते मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात होते. त्यांचा साहेब विलायतेला परत गेला, तेव्हा त्याच्या पोराचं हे खेळणं त्यांच्या पदरात पडलं. किल्लीवर चालणारं एक इंजिन, दोन डबे, आणि जोडले की लांबोडका गोल होईल एवढे रूळ. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत त्यांनी ती पेटी एका ओळखीच्या माणसाबरोबर धाडली आणि निरोप दिला, "यंदाही गणपतीला जमत नाही. बोट बंद असते, काय करणार? हे आराशीला लावा."

सासूबाईंनी पेटी उघडून पाहिली, मिटली आणि माळ्यावर टाकली. "मी पोरगा मागितला, यानं खेळणं धाडलं," म्हणाल्या.

थोरला मुलगा गणपतीला घरी येऊन कितीक वर्षं झाली होती. पूजेला धाकटे, म्हणजे आमचे हे, बसत आणि सासूबाई पहिली घंटा वाजेपर्यंत रस्त्याकडे बघत उभ्या राहत. पावसात बोट बंद हे खरं. पण पुण्यापर्यंत गाडीनं येऊन घाट उतरणारी माणसं होतीच की! बाजारातले कापडवाले चाचा माल आणायला भर पावसात त्या वाटेनं मुंबईला जाऊन येत. हे सासूबाईंना माहीत होतं, आणि त्यांना माहीत आहे हे दिरांनाही माहीत होतं.

आमचे हे शाळेत ड्रॉइंग मास्तर. श्रावणात आराशीसाठी पेटी खाली काढली आणि यांच्या अंगातच आलं. "नुसती गाडी काय, भोवऱ्यासारखी कुणीही फिरवील," मला म्हणाले. "देखावा पाहिजे. आणि देखावा म्हणजे स्वित्झर्लंड-बिर्लंड नाही. आपलं महाड. आहे तस्सं. फक्त त्यातून आगगाडी जाते."

आहे तस्सं! या दोन शब्दांपायी मी त्या श्रावणात जे सोसलं, ते माझं मला ठाऊक.

पोती फाडून, भाताच्या खळीत बुडवून यांनी सह्याद्री उभा केला. खळीच्या वासानं पहिल्याच रात्री पोलादपूरच्या बाजूचा डोंगर मुंग्यांनी खाल्ला. मग चिकणमाती आली. विहिरीच्या कडेचं शेवाळ खरवडून डोंगरावर चिकटवलं, त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे. वाळलेल्या घोसाळ्याच्या शिरा कातरून झाडं झाली. रुळांखाली खडी पाहिजे म्हणून माझ्या डब्यातली सगळी मोहरी पसरली. "खडी दुसरी आणा हो," मी सांगत होते. ऐकतील तर शपथ. ओटीवरची ओल, वरून माझं पाणी शिंपडणं. चार-पाच दिवसांत खडीला कोंब फुटले आणि गाडी मोहरीच्या रोपात अडकून घरघरायला लागली. मग रोज रुळांवरचे कोंब खुडायचं कामही माझ्याकडेच. जगात कुठं रेल्वेची खडी उगवल्याचं ऐकलंय?

सावित्री नदीसाठी माझा माहेरचा आरसा गेला. तो गेला तो गेला, निदान चकचकीत तरी दिसावा. पण भाद्रपदात सावित्रीला गढूळ पाणी असतं म्हणून यांनी त्यावर गेरू फासला. "आहे तस्सं," म्हणाले. मी त्या दिवशी आमटीत मीठ घातलं नाही. मुद्दाम. यांनी ती मिटक्या मारत खाल्ली, लक्ष सगळं बोगद्यात.

तोवर सासूबाई तिकडे फिरकल्या नव्हत्या. एक दिवस वाती वळता वळता आल्या आणि देखाव्यापुढं उकिडव्या बसल्या.

"ही गाडी जात्ये कुठनं रे?"

"दासगावकडून येते, नदीच्या काठानं, मग इथून वळते."

"आपलं खाचर कुठं हाय?"

"ते यात येत नाही, आई. ते इकडे राहिलं, बाहेर."

"नाय कसं येत? आण. गाडी आपल्या खाचरातनं गेली पायजे."

आमचं भाताचं खाचर घरासमोरच होतं. यांनी रूळ उचलले, नदी वीतभर सरकवली आणि खाचर आत घेतलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई पुन्हा हजर. "फणस कुठाय?" फणस आला. "त्याची एक फांदी विहिरीवर आल्ये. दाखव." फांदी वळली. "विहिरीचा कठडा पडलाय ना? मग हा धड कसा?" यांनी कठड्याचा एक दगड काढला. बांध आला, बांधावरची शेवरी आली, हद्दीचा दगडसुद्धा आला, तोही आमच्या खऱ्या दगडासारखा कलता. दूर्वांच्या बारीक काड्या लावून भात उभं केलं, तर म्हणाल्या, "आपलं भात खालच्या अंगाला पिवळं पडलंय. लाव हळद." हे तर हरखून गेले. मला म्हणाले, "आईला यातलं किती कळतं बघ!" मला मात्र यात काहीतरी वेगळंच आहे असं वाटत होतं. ज्या बाईनं जन्मात देवाच्या तसबिरीपलीकडं चित्र पाहिलं नाही, तिला एकाएकी भाताच्या पिवळेपणाचं काय पडलं होतं?

गावात बोभाटा झाला. शेजारचे खोत छत्री घेऊन बघायला आले. त्यांची जमीन आमच्या बांधाला लागून. बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"मास्तर, वळणावर रूळ माझ्या जमिनीत शिरलाय."

"खोत, रूळ गोलच आहेत, त्याला मी काय करू? आणि ही किल्लीची गाडी आहे."

"आज किल्लीची. उद्या वाफेची! एकदा वहिवाट पडली की मग सरकार माझं ऐकणार आहे का?"

शेवटी यांनी बांध दोन बोटं पलीकडे नेला, तेव्हा कुठं ते चहा प्यायले. पण घरी जाऊन त्यांनी विचार केला असावा. तिसऱ्या दिवशी परत आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, स्टेशन कुठं काढताय? माझ्या फाटकासमोर जागा रिकामीच आहे."

त्याच सुमारास कापडवाले चाचा मुंबईला निघायचे होते. सासूबाईंनी त्यांना बोलावून घेतलं, देखाव्यापुढं पाट मांडून बसवलं आणि यांच्याकडून गाडीला किल्ली देववली. मी आत नारळ खवत होते, बोलणं ऐकू येत होतं.

"बघितलंत ना चाचा, डोळ्यांनी? गाडी कुणाच्या खाचरातनं जात्ये?"

"तुमच्याच, भाभी. हा काय फणस, ही विहीर."

"मग मुंबईत माझ्या थोरल्याला तेवढंच सांगा. आगगाडी आपल्या खाचरातनं जात्ये, मी बघून आलो. एक शबूद जास्त नको, एक कमी नको."

चाचा दाढीतल्या दाढीत हसले आणि "बरं" म्हणाले. मला वाटलं, म्हातारीला आराशीचं कौतुक कळवायचंय. कळवू दे बापडी.

हरतालिकेचा दिवस. माझा कडक उपास, डोकं ठणकत होतं, आणि हे गणपतीच्या पाटाजवळ बसून सिग्नलला तांबडं कुंकू लावत होते. अंगणात कुणीतरी चिखलातून फचफचत आलं. बघते तर थोरले दीर! गुडघ्यापर्यंत चिखल, हातात छत्रीची नुसती काडी, कापड वाऱ्यानं कुठं गेलं कुणास ठाऊक. वरंध घाटात दरड पडली होती, म्हणून महाबळेश्वरावरून पोलादपूरला उतरले होते आणि तिथून चालत.

पाय धुतले नाहीत, आईला वाकले नाहीत. दारातूनच विचारलं, "मोजणीवाले येऊन गेले? खुंट्या कुठवर मारल्यात? आई, तू कशावर अंगठा नाही ना उमटवलास? सरकार भरपाई देतं, पण माझी सही लागेल, मी थोरला आहे!"

आमचे हे आ वासून बघत राहिले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ये की आत. बघ. चाचांनी सांगितलं ना? जात्ये आपल्या खाचरातनं." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं गाडीला किल्ली दिली.

गाडी खर्र करत निघाली. फणसाखालून गेली, पडक्या कठड्याजवळून गेली, पिवळ्या पडलेल्या भातातून गेली. दीर वाकून बघत होते आणि त्यांच्या अंगावरचं पाणी डोंगरावर गळून डोंगर विरघळत होता. मला आधी हसूच फुटलं, पदर तोंडात कोंबला. गाडीनं दुसरी फेरी मारली, तिसरी मारली आणि खाचरात थांबली.

"आई, तू खोटं सांगितलंस," दीर म्हणाले. आवाज पडला होता.

"मी जन्मात खोटं बोलले नाय. गणपतीच्या दिवसांत तर नायच. म्हणून तर फणस काढून घेतला, विहीर काढून घेतली. काय चुकलंय ते दाखव."

दीर गुडघ्यावरचा चिखल खरवडायला लागले.

"गणपतीला बोलावलं तर तुझी वाट बंद," सासूबाई म्हणाल्या. "खाचराला बोलावलं तर घाटसुद्धा उघडा." एवढं म्हणाल्या आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. पदरानं पुसलं आणि मला म्हणाल्या, "बघत काय बसल्येस गो? त्याला ऊन पाणी दे. उद्या पूजेला बसायचंय त्याला."

मला त्या क्षणी दिरांचा असा राग आला की पाणी गार द्यावं असं वाटलं. ऊनच दिलं.

पूजेला ते बसले. मोदकही हाणले, माझ्या मोजण्यापलीकडे. आणि दुपारी आराशीपुढं बसून यांना म्हणाले, "अरे गाढवा, सिग्नल उलट्या बाजूला लावलायस." कारखान्यातला माणूस तो! त्यांनी सिग्नल बदलला, कोंब आलेली मोहरी वेचून काढली, कोळशाची पूड करून नवी खडी घातली. दोघे भाऊ पोटावर पालथे पडून गाडी फिरवत होते, लहान पोरांसारखे भांडत होते. सासूबाई दारात उभ्या राहून बघायच्या. बोलायच्या मात्र कमी. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तो समोर असताना त्या बाईचं मन कुठं होतं, मला कळेना.

गौरी गेल्या, गणपती गेले, आणि दीर घाटाच्या वाटेनं परतले. निघताना यांना एका बाजूला घेऊन म्हणाले, "पण खरंच कधी रेल्वेचं निघालं, तर कळवशील ना?" बाजूला घेतलं होतं, पण आमच्या घराला बाजू अशी नव्हतीच. सगळ्यांनी ऐकलं.

मी आरास काढायला घेतली. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. बाईचं मन मोकळं व्हावं म्हणून मी म्हटलं, "भावोजी रमले हो या खेपेला."

"रमला गो," म्हणाल्या. मग मान न वळवता त्यांनी विचारलं, "पुढल्या वर्षाला काय दाखवून आणायचा त्याला?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मी काय सांगते त्याची वाट बघत बसून राहिल्या.