अडि सरांची पाठ

आयुष्यात मी एकाच शिक्षकांना मारलं आहे, आणि तेही त्यांच्याच आज्ञेवरून. चेन्नईच्या आमच्या नर्सिंग कॉलेजात प्रथमोपचार शिकवणारे हे सर दरवर्षी नव्या मुलींपुढे पाठमोरे वाकून उभे राहत आणि एकेकीला म्हणत, “अडि!” तमिळमध्ये अडि म्हणजे मार. घशात घास अडकलेल्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच धपके घालायचे असतात. पोटावर दाब द्यायचा सराव ते पुतळ्यावरच करून घेत, पण धपके स्वतःच्या पाठीवर. सगळं कॉलेज त्यांना अडि सर म्हणे. गेल्या वर्षी ते गेले.

सर तंजावरकडचे मराठी. माझा भाऊ चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात लागला म्हणून मी कऱ्हाडहून इकडे आले होते. माझ्याशी ते त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीत बोलत, त्यामुळे माझी थोडी गय होईल असं मला वाटे. कसली गय! भाजल्यावर वीस मिनिटं गार पाणी, असं मी एकदा घोकलेलं म्हणून दाखवलं, तर मला मोरीपाशी उभं करून ते माझ्या हातावर मगाने पाणी ओतत राहिले. उन्हाळ्याचे दिवस, नळ कोरडे, टँकरचं पाणी. म्हणून खाली बादली ठेवलेली. सातव्या मिनिटाला मी चुळबुळ करू लागले. “पुस्तकांत वीस मिनिटें एका ओळींत बसतात,” ते म्हणाले. “भाजलेल्यापाशी कोण उभें राहणार? राहा उभी.” बादलीतलं पाणी नंतर बागेतल्या झाडांना गेलं.

फिट थांबावी म्हणून आजाऱ्याच्या मुठीत चाव्या कोंबणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. “चावी दाराला लागते गे, माणसाला नाहीं! डोक्याखालीं मऊ ठेव, घड्याळ बघ, झटके थांबले कीं कुशीवर वळव.” घास अडकण्याबद्दल त्यांचं सांगणं याहून थोडकं होतं. “आवाज आहे? खोकूं दे. आवाज गेला? मार.”

पण माझा हात काही उठेना. बाळाला थोपटावं तसे पाच धपके मी घातले. मुली हसल्या, सर हसले नाहीत. “पास नाहीं,” म्हणाले. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला मी चिडूनच बोलले, “सर, आमच्याकडे वडीलधाऱ्यांवर हात उचलत नाहीत.”

“आमच्याकडेही नाहीं,” सर म्हणाले, आणि खुर्चीवर बसले. मग खालच्या आवाजात त्यांनी सांगितलं. त्यांच्या बहिणीचं लग्न. पंगतीत वडिलांच्या घशात खोबऱ्याचा तुकडा अडकला. कुणी टाळू थोपटत होतं, ‘वर बघा, कुणीतरी आठवण काढतंय’ म्हणत होतं, कुणी पाणी पाजू पाहत होतं. वडील गप्प झालेले, हात गळ्याशी. सर तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. “मला सगळें ठाऊक होतें. हात वर गेला. आणि नव्या सोयऱ्यांसमोर बापाला मारूं कसा, म्हणून खालीं आला. मान राहिला. अप्पा गेले.”

मग ते उठले आणि वाकून उभे राहिले. “आतां मार.” मी मारलं. डोळे पुसत पुसत, पण नीट मारलं.

पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, चेन्नईतच शोळिंगनल्लूरला बिऱ्हाड झालं. दोन वर्षांपूर्वी आईबाबा राहायला आले होते. एका सकाळी पेरू खाताना बाबांना ठसका लागला. खोकत होते तोवर मी “खोका बाबा, खोका” म्हणत शेजारी उभी राहिले. मग आवाज गेला. त्यांचे डोळे माझ्यावर खिळले. आई टाळू थोपटत “वर बघा, वर बघा” करत होती. तिचा हात मी बाजूला सारला, बाबांना पुढे वाकवलं आणि मारलं. जन्मदात्या बापाला, अंगातला सगळा जोर लावून. आई किंचाळली, “अगं, काय करतेस!” चौथ्या धपक्याला पेरूची फोड बाहेर पडली.

बाबांना खुर्चीत बसवून मी सरांना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, “बोलतात कां?”

“बोलतात, सर.”

“त्यांना दे फोन. मला ऐकूं दे.”

बाबा बसक्या आवाजात म्हणाले, “नमस्कार सर. पोरीनं पाठ सडकून काढली बघा माझी.” मग पलीकडचं ऐकून, फोनवर हात ठेवून मला हळूच म्हणाले, “अगं, रडतायत ते. मला म्हणतात, बोलत राहा.”

मग बाबांनी सरांना गावाकडच्या पीकपाण्याचं सांगायला सुरुवात केली.