आईच्या कवळीची तडजोड

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन उत्तम झालं, पण ती शुद्धीवर आली तेव्हा तिची कवळी गायब होती. आत नेताना सिस्टरांनी ती कागदात गुंडाळून ट्रेमध्ये ठेवली होती. कुणीतरी कचरा समजून फेकली. मी मात्र दाखल करतानाच सामानाची यादी करून त्यावर सिस्टरांची सही घेतली होती. चष्मा एक, चपला दोन, कवळी वरची एक, खालची एक. घरी माझ्या याद्यांना सगळे हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

तक्रार केल्यावर दवाखान्याचं पत्र आलं: हरवलेल्या वस्तूंची जबाबदारी आमची नाही, तरी सद्भावना म्हणून कुटुंबाची रक्ततपासणी मोफत करू. मी तीन पानी उत्तर लिहिलं. कवळीची मूळ किंमत, वापराची वर्षं, घसारा, रिक्षाभाडं. आईनं ते वाचून घेतलं.

"माझ्या दाताचा घसारा काढलास व्हय रं? तू कुणाच्या बाजूचा हायस?"

घसारा खोडला, यादीची झेरॉक्स जोडली. मग तक्रारी बघणाऱ्या साहेबांचं बोलावणं आलं. चहा, बिस्किटं. माणूस गोड.

"आजी, नवी कवळी करून देतो. फक्त इथं सही करा, आता काही तक्रार उरली नाही म्हणून."

मी पेन पुढे केलं. आईनं पिशवीतून कडक भाकरी काढून टेबलावर ठेवली. महिनाभर ती दूधभातावर होती आणि घरात आम्ही भाकरी मोडली की तोंड फिरवून बसायची.

"सायेब, ही चावंल तवा सही."

"आजी, नियमाप्रमाणे सही आधी असते."

"मग नियमालाच चावायला सांगा की."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. शेवटी त्यांनी कागद खणात ठेवला.

त्यांच्याच दंतवैद्यानं दोनदा माप घेऊन कवळी बसवली, तशी आई थेट साहेबांच्या खोलीत गेली. भाकरीचा तुकडा तोंडात घातला. कट्ट आवाज बाहेर बाकावरच्या लोकांनीही ऐकला. सावकाश चावून, गिळून, तिनं सही केली आणि उरलेली भाकरी शेंगाचटणीसकट साहेबांपुढे सरकवली. त्यांनी भिडेखातर दाढेखाली धरली आणि कळवळून गाल दाबला.

"दमानं सायेब," आई म्हणाली. "दात हलला तर अर्ज आमच्या ह्याच्याकडनं लिवून घ्या. लई बारीक हिशेब करतो."