हंड्यातलं पांढरं पूट

काल गिझर दुरुस्त करणाऱ्याने आतली कांडी काढून दाखवली. नळाच्या पाण्याने तिच्यावर पांढरं पूट चढलं होतं.

साठ वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याचं असंच पूट मी कोकणात, भाट्याला सासरी, न्हाणीतल्या तांब्याच्या हंड्यातून चिंचेने घासून काढलं. लग्नाला महिनाच झाला होता. हंडा सासूबाईंच्या माहेरचा, म्हणून शाबासकीची आशा होती. पाणी ओतलं तर बुडातून धार लागली आणि चूल विझली.

"भोक त्या पुटानेच बुजलं होतं गो," सासूबाई म्हणाल्या. "हंडा तांबटाकडे जाईल. तुला कुठे पाठवू?"

"विहिरीवर. आंघोळीचं पाणी अजून व्हायचंय."

त्या हसल्या. नसत्या हसल्या तर त्याच दिवशी माहेरी गेले असते.

गिझरवाल्याने विचारलं, "आजी, पूट खरवडू?"

"आधी खाली भोक आहे का बघ," मी म्हटलं.